सांभाळणाऱ्यांचा वर्ग आणि त्याची फी

‘आईला सांभाळायचं, त्यात शिकायचं काय? आणि वर त्याला पैसे?’ डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरच्यांसाठी फी घेऊन शिकवणारा वर्ग सोलापुरात काढावा, असा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आई-वडिलांची सेवा हे कर्तव्य, ते घरात बघून बघून येतं, त्याला मास्तर लागत नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. पण बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालायला आपण जाणती बाई लावतो, तिला ठरलेले पैसे देतो, आणि त्यात आजीच्या मायेचा अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. स्वतःचं नाव, घर, मुलं, दिवस-रात्र यांचा ताळमेळ हरवत चाललेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला सांभाळणं त्याहून सोपं आहे, असं आपण कशावरून धरलं?

आधी आवाका पाहू. भारतातल्या वृद्धांचा ‘लासी-डॅड’ या नावानं ओळखला जाणारा मोठा अभ्यास झाला. त्यातून २०२३ साली आलेला अंदाज असा, की देशातल्या साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगत आहेत. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल. स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. राज्याराज्यांत फरक मोठा आहे, त्यामुळे देशाचा दर एका जिल्ह्याला जसाच्या तसा लावणं काटेकोर नाही. तरी ढोबळ हिशेब करून पाहायला हरकत नाही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या पुढे होती. दहातला एक साठीपुढचा धरला तर सव्वाचार लाखांवर ज्येष्ठ होतात, आणि ७.४ टक्क्यांनी तीस हजारांच्या वर घरं. प्रत्येक घरात रात्री जागणारं निदान एक माणूस. बहुतेक ठिकाणी ते बाईमाणूस असतं: बायको, सून, लग्न न झालेली किंवा माहेरी परतलेली मुलगी.

या बाईला आज काय मिळतं? बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटं, मेंदूचा स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, गोळ्यांची चिठ्ठी, आणि ‘हे आता असंच राहणार, सांभाळून घ्या’ हे वाक्य. डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर रांग लागलेली असते. पण सांभाळून घ्यायचं म्हणजे उद्या सकाळी आंघोळीला नाही म्हटल्यावर नेमकं काय करायचं, हे सांगणारं कुणी उरत नाही.

हे शिकवता येतं का? येतं, आणि आपल्या शेजारीच ते सिद्ध झालेलं आहे. केरळात १९९२ साली डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकारानं ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली. १९९८ मध्ये कोचीतच ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ हा संशोधकांचा गट जमला. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहून कमी, ही तफावत त्यांनी नावातच घेतली. याच परंपरेतला गोव्याचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबं घेतली. त्यांतल्या निम्म्यांकडे सहा महिने घरी जाणारी सल्लागार पाठवली, बाकीच्यांना नंतर. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले: सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजता येईल इतका उतरला होता.

या प्रयोगातली सल्लागार कोण होती, तेच सोलापूरला उपयोगाचं आहे. ती मानसोपचारतज्ज्ञ नव्हती. स्थानिक भाषा येणारी, शक्यतो बारावीपर्यंत शिकलेली, वृद्धांसाठी काम करायची आस असलेली व्यक्ती निवडली, आठवडाभर कसून तयार केली, आणि पाठीशी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ ठेवले. लंडनमध्ये ‘स्टार्ट’ नावाच्या प्रयोगानं वेगळ्या परिस्थितीत तेच दाखवलं. मानसशास्त्राच्या पदवीधरांनी देखरेखीखाली आठ बैठका घेतल्या आणि २६० नातेवाइकांच्या त्या अभ्यासात नैराश्य कमी झालेलं दिसलं. म्हणजे शिकवणारा माणूस तयार करणं अवघड आहे, पण अशक्य नाही. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून असलेल्या, परिचारिका आणि समाजकार्याचे पदवीधर घडवणाऱ्या शहराला तर नाहीच.

महाराष्ट्राकडे याहून जुनी एक शिदोरी आहे. ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गट चालला. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेत नातेवाइकांचे गट उभे राहिले, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ उभं राहिलं. या वर्तुळांत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात, आणि यापुढे मीही तेच शब्द वापरतो. मराठी माणूस आपलं घरचं दुखणं परक्यांसमोर बोलत नाही, ही समजूत या मंडळांनी केव्हाच खोटी पाडली आहे.

तेव्हा प्रश्न उरतो तो कसं शिकवायचं आणि खर्च कुणी करायचा, एवढाच. ‘कसं’चं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. पिंक्वार्ट आणि सोरेन्सन यांनी २००६ मध्ये १२७ अभ्यास एकत्र करून तपासले. नुसती माहिती सांगितल्यानं फारसं साधत नाही, शुभंकराला स्वतः करून पाहायला लावणाऱ्या वर्गांचा परिणाम सगळ्यांत व्यापक होतो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, सभागृहात व्याख्यान होतं, पडद्यावर मेंदूची चित्रं दिसतात, शेवटी पाच प्रश्न घेतात. जागृतीला ते ठीक. त्याला प्रशिक्षण म्हणू नये. मोबाइलवरचे धडेही एकटे पुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आय-सपोर्ट’ हा २३ धड्यांचा कार्यक्रम चांगला आहे, पण भारतात तो ऑनलाइन तपासला तेव्हा सहभागी झालेल्या १५१ जणांपैकी ५५ जणच तीन महिन्यांनंतर शेवटपर्यंत टिकले होते. दिवसभर दमलेल्या बाईनं रात्री अकराला एकटीनं धडा उघडावा, ही अपेक्षाच जड आहे. समोर बसलेली दुसरी बाई ‘आमच्याकडे पण अस्संच होतं’ म्हणते, तेव्हा ही दमलेली बाई पुढच्या आठवड्यात परत येते.

वर्गात काय शिकवायचं, यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण फी योग्य की अयोग्य हे शेवटी त्यावरच ठरतं.

सासूबाई म्हणतात, ‘माझ्या पाटल्या हिनं चोरल्या.’ सून रडते, नवरा आईला पुरावे देतो, आई आणखी चिडते. इथं शिकायचं असतं ते हे, की हा आरोप आजाराचा आहे, वाद घातल्यानं तो पक्का होतो, आणि ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हटल्यानं बऱ्याचदा विरतो. वाक्य सोपं आहे. पण तिसाव्यांदा चोर ठरवल्यावर ते तोंडातून निघण्यासाठी सराव लागतो. वर्गात एकीनं सासू व्हायचं, दुसरीनं सून, आणि ते म्हणून पाहायचं. संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, स्वतःच्याच घरात बसून. दार अडवायचं की दोन गल्ल्या फिरवून परत आणायचं? फिरवून आणावं. आंघोळीची वेळ कोणती, पाणी आधी पायावर का घ्यायचं, लुगड्याऐवजी गाऊन केव्हा, न्हाणीघरातली फरशी, रात्रीचा दिवा, बाहेरच्या दाराला कडी किती उंचावर, हे सगळं हातानं दाखवावं लागतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले विद्वान शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे जातात आणि माहुताच्या झोपडीत पोचतात. माहुताची कानडी बोलणारी बायको त्यांना दुरुस्त करत बसत नाही, लेकरासारखं जवळ घेते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शुभंकरांच्या वर्गात आधी तो चित्रपट दाखवावा आणि मग माहुताच्या बायकोनं काय केलं नाही, यावर बोलावं.

काही गोष्टी खास सोलापूरच्या. इथला पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी सहज ओलांडतो. शुभार्थीला तहान लागल्याचं कळत नाही, कळलं तर सांगता येत नाही. अंगातलं पाणी कमी झालं किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला की माणूस एका दिवसात भ्रमिष्टासारखा होतो. घरचे म्हणतात, आजार वाढला. खरं तर तो अचानक बदल म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरकडे नेण्याची खूण असते, आणि वेळेवर नेलं तर बराचसा उतरतो. ही एकच गोष्ट दहा घरांना पक्की कळली, तरी वर्गाची फी वसूल झाली असं मी म्हणेन. नळाला गेली कित्येक वर्षं तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात पाण्याच्या दिवशी शुभंकर घराबाहेर पडू शकत नाही. तेव्हा वर्गाचं वेळापत्रक पेठेच्या पाण्याच्या वेळा विचारून लावावं लागेल. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत हात सुटून हरवणाऱ्या माणसासाठी खिशात चिठ्ठी, गळ्यात ओळखपत्र, मोबाइलमध्ये ताजा फोटो, एवढी तयारी डिसेंबरच्या वर्गात व्हावी.

भाषेचाही प्रश्न आहे. पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी-उर्दू. आजार पुढे सरकतो तशा नंतर शिकलेल्या भाषा आधी गळतात आणि मायबोली जास्त काळ टिकते. गिरणीत चाळीस वर्षं मराठी बोललेले आजोबा परत तेलुगूवर येतात आणि नातवाला ती धड येत नाही. घरातल्यांना शुभार्थीच्या बोलीतले रोजचे पन्नास शब्द शिकवणं हा इथल्या अभ्यासक्रमाचा भाग हवा. मुंबई-पुण्यात तयार झालेल्या पुस्तिकेत हे सापडणार नाही.

आता पैशाचं. परदेशात याची उत्तरं देशागणिक वेगळी आहेत. नेदरलँड्समध्ये बेरे मीसन यांनी १९९७ मध्ये लायडनला पहिला अल्झायमर कॅफे सुरू केला, जिथं कुणीही येऊन बसावं. जपाननं २००५ पासून दुकानदार, बँकेतले लोक, विद्यार्थी अशांना दीड तासाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत वर्षानुवर्षं स्वयंसेवी संस्थांचे मोफत वर्ग आणि खाजगी तज्ज्ञांचे पैसे देऊन करायचे वर्ग शेजारी-शेजारी चालले. २०२४ च्या जानेवारीपासून तिथलं मेडिकेअर कुटुंबीयांच्या प्रशिक्षणाचे पैसे देऊ लागलं. आपल्याकडे सत्तरीपुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजनेतून पाच लाखांचं कवच आलं. ते मोलाचं आहे, पण रुग्णालयात दाखल होण्यासाठी. सून घरी काय शिकली, याचं बिल त्यात बसत नाही. त्यामुळे आज तरी वर्ग काढायचा तर फी किंवा देणगी, हे दोनच रस्ते आहेत. देणगीवर सुरू झालेला वर्ग देणगीदाराचा उत्साह असेतो चालतो. म्हणून मी फीच्या बाजूनं आहे.

माझ्या मते फीला आणखी एक कारण आहे, आणि ते सोलापूरच्या घरांत शिरल्याशिवाय दिसत नाही. इथं पैसे देणारा आणि शिकणारी ही दोन वेगळी माणसं असतात. एक मुलगा पुण्यात हिंजवडीला, एक हैदराबादला, मुलगी कदाचित परदेशात. जुळे सोलापुरातल्या घरात आई, आणि तिला बघणारी धाकटी सून. हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी येणाऱ्या मुलाला आई दीड दिवस छान दिसते, कारण पाहुण्यापुढे शुभार्थी बऱ्याचदा सावरून बोलतो. मग ‘आई तर ठीक आहे, तूच जास्त ताण घेतेस’ हे वाक्य येतं. त्या वाक्यानं सून जितकी खचते, तितकी रात्रीच्या जागरणानं खचत नाही. आता पुण्याच्या मुलानं वर्गाची फी भरली, की दोन गोष्टी घडतात. हे काम शिकण्याजोगं अवघड आहे, हे त्यानं पैशाच्या भाषेत मान्य केलेलं असतं. आणि सुनेला दर बुधवारी तीन तास घराबाहेर पडायला कारण मिळतं. मोफत वर्गाला ‘आज राहू दे, पुढच्या वेळी जा’ असं सहज म्हणता येतं. भरलेल्या फीपुढे घर तसं म्हणायला कचरतं. स्वतःसाठी वेळ मागताना जीभ अडखळणाऱ्या बाईला ती पावती आधार देते.

म्हणून पैसे देणाऱ्यालाही वर्गात ओढलं पाहिजे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी ४०६ पती-पत्नींबरोबर केलेलं काम प्रसिद्ध आहे. त्यात सहा समुपदेशनांपैकी चार बैठका इतर कुटुंबीयांना बरोबर घेऊन होत्या, पुढे कायमचा गट होता. त्या कुटुंबांत रुग्णाला निवासी केंद्रात हलवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवस पुढे गेली. आपल्या वर्गातल्या निदान दोन बैठका रविवारी, व्हिडिओ कॉलवर, भावंडांसह असाव्यात, आणि त्या टाळणाऱ्या भावाला फी परत मिळू नये.

किती फी? आकडे मांडून पाहू. हे माझे अंदाज आहेत, जागेनुसार बदलतील. दहा कुटुंबं, आठ बैठका. शिकवणाऱ्याला बैठकीला २,००० रुपये म्हणजे १६,०००. मदतनिसाला ८०० प्रमाणे ६,४००. खोली, चहा, छपाई ७०० प्रमाणे ५,६००. एकूण २८,०००, म्हणजे घरटी २,८००. इथवर मध्यमवर्गाला जमेल. पण शुभंकर वर्गात बसली असताना घरी शुभार्थीजवळ कोण? त्यासाठी तीन तासांचे ३०० रुपये देऊन माणूस ठेवायचं तर दहा घरं, आठ वेळा, २४,००० होतात. म्हणजे जवळजवळ वर्गाएवढाच खर्च घरी बसणाऱ्या माणसाचा. फीचं पत्रक छापणारे नेमकं हेच कलम विसरतात, आणि मग बायका येत नाहीत म्हणून हळहळतात. अमेरिकेच्या ‘गाइड’ योजनेत, जुलै २०२४ पासून, शुभंकराला उसंत मिळावी म्हणून वर्षाला अडीच हजार डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद आहे. वर्गाची फी आणि उसंतीचा खर्च एकत्र धरला तर ५२,००० होतात. दहापैकी दोन जागा बिनफीच्या ठेवायच्या तर आठ घरांना प्रत्येकी ६,५००. परगावच्या दोन भावांत वाटून घेतले तर ३,२५०. ही रक्कम मी न संकोचता मागेन.

पण हे झालं जुळे सोलापूरचं आणि होटगी रस्त्याचं. विडी घरकुलातली बाई हजार विड्यांमागे मजुरी मिळवते, आणि सासऱ्यांवर नजर ठेवता यावी म्हणूनच घरी सूप मांडीवर घेऊन बसते. तीन तास उठली तर त्या दिवशीच्या विड्या कमी भरतात. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी बुडते. अशा घराकडे फी मागणं अन्याय आहे, आणि फी माफ केल्यानंही तिची अडचण सुटत नाही. तिच्यासाठी गोव्याचीच रीत योग्य: शिकवणाऱ्या बाईनं तिच्या दारी जावं, विड्या वळता-वळता बोलावं. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत हजारो विडी कामगार कुटुंबं एका जागी राहतात. तिथं महिन्याला ठरलेल्या दिवशी फेरी करणं एका प्रशिक्षित कार्यकर्तीला जमेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं हे काम आहे, आणि ते सरकारी पैशानंच व्हायला हवं. फीचा वर्ग निघाला म्हणून शासनाची ही जबाबदारी हलकी होत नाही. शेजारच्या कर्नाटकानं ‘निम्हान्स’ला बरोबर घेऊन मेंदूच्या आरोग्याचा राज्यव्यापी उपक्रम हाती घेतला आहे, केरळानं त्याआधीच डिमेन्शियासाठी राज्य पातळीवर पावलं टाकली. महाराष्ट्रानं यात मागं राहण्याचं कारण नाही.

फीच्या वर्गाला धोकेही आहेत, आणि ते गंभीर आहेत. घाबरलेल्या कुटुंबाला काहीही विकता येतं. शिकवणाऱ्यानंच ब्यूरोतून आया पुरवायच्या, स्मरणशक्तीची चूर्णं सुचवायची, ठरावीक निवासी केंद्राची शिफारस करायची, असं झालं की वर्ग संपला आणि दुकान सुरू झालं. शिकवणाऱ्याचा अशा कोणत्याही व्यवहारात हिस्सा नसावा, हे पत्रकावर लिहिलेलं असावं. आजार बरा होण्याचं आश्वासन कुणी दिलं तर त्या वर्गातून उठून यावं. लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये १४ बदलता येणारे जोखीमघटक सांगितले. रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, एकटेपणा हे त्यात आहेत. ते शुभंकराच्या स्वतःच्या तब्येतीसाठी जरूर शिकवावेत, शुभार्थी पूर्ववत होईल या आशेवर नव्हे. आणि गुप्तता. सोलापुरात दोन घरं सोडून तिसरं ओळखीचं निघतं. ‘यांच्याकडे वेडाचं आहे’ ही कुजबुज मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोचते. नाव नोंदवलेल्या दहा जणांचाच बंद गट, आतलं बाहेर न बोलण्याची लेखी हमी, हा फीच्या वर्गाचा फायदा खुल्या सभेला मिळत नाही.

आठ आठवडे संपल्यावर मात्र फी थांबली पाहिजे. पुढचं महिन्याचं एकत्र बसणं मोफत असावं, कारण तिथं शुभंकरच एकमेकींना शिकवतात आणि त्याचे पैसे कुणी कुणाकडून घ्यायचे? आणि घरचं माणूस गेल्यानंतर ज्या शुभंकराला पुन्हा यावंसं वाटेल, तिला आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन पुढच्या तुकडीची मदतनीस नेमावं, ते बैठकीचे ८०० रुपये तिला द्यावेत. पाच-सहा वर्षांत ती जे शिकली आहे ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवलं जात नाही. पहिल्या तुकडीनंतर दोघी-तिघी तयार झाल्या, त्यातली एक तेलुगू बोलणारी आणि एक कन्नड बोलणारी असली, तर दुसरी तुकडी पूर्वभागात आणि तिसरी अक्कलकोटात त्याच वर्षी बसवता येईल.